पास्खालिसची जागा

१

आईची अंगठी हरवली तेव्हा मी संत फानुरिओसला पहिला नवस बोलले. लग्न होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. फानुरिओस हा हरवलेलं दाखवणारा संत. त्याला सोनंनाणं लागत नाही, नऊ जिन्नसांचा केक लागतो. लोणी नाही, अंडं नाही. पीठ, तेल, साखर, संत्र्याचा रस, अक्रोड, बेदाणे, दालचिनी, लवंग आणि सोडा, बस. हातानेच फेटायचा आणि फेटताना बोलायचं नाही. भाजून झाला की चर्चमध्ये न्यायचा, पाद्रीबाबांकडून त्यावर प्रार्थना म्हणवून घ्यायची, आणि मग येईल त्याला वाटून संपवायचा. वाटताना संताच्या आईसाठी क्षमा मागायची, कारण ती बाई फार कडू स्वभावाची होती म्हणतात. अंगठी तिसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यात सापडली.

पुढे चष्मा सापडला, घराची कागदपत्रं सापडली, एकदा तर शेजारणीचा पोपट सापडला. संत कधी विचारत नाही की तुला हे कशाला हवं. जे मागाल तेच दाखवतो, त्याहून कणभर कमी नाही आणि कणभर जास्तही नाही. हे मी त्याचं मोठेपण समजत होते, अजूनही समजते. चूक त्याची नाही. मागताना माझी चूक झाली, आणि तीच सांगायला बसले आहे.

२

ग्रीसमधल्या आमच्या कावाला गावात बंदरालगतच्या एका तंबाखूच्या गोदामात माझी आई पानं निवडायची. पुढे त्याच इमारतीत बोटींच्या विम्याचं ऑफिस आलं आणि माझ्या नवऱ्याला, पास्खालिसला, तिथे नोकरी लागली. आईच्या वेळी बायका जमिनीवर ओळीने बसत. प्रत्येकीचं बसकर वेगळं. एखादी आजारी पडली तर तिचं बसकर तसंच रिकामं राहायचं, दुसरी कोणी त्यावर टेकायचीसुद्धा नाही. मुकादम कितीही तुसडा असला तरी एवढं पाळायचा.

पास्खालिस सत्तावीस वर्षं तिसऱ्या खिडकीपाशी बसला. त्याच्या टेबलावर कॉफीच्या कपाचा एक गोल डाग होता, तो पुसून जात नव्हता आणि पास्खालिस तो पुसूही देत नव्हता. डाव्या हातावर डोकं टेकून, पेन्सिलीने टेबलावर टकटक करत तो मच्छीमारांची गाऱ्हाणी ऐकायचा. कोणाची बोट फुटली, कोणाचं इंजिन बुडालं, तो माणूस दारातल्या शिपायाला न विचारता सरळ तिसऱ्या खिडकीपाशी जायचा.

मग नवी रचना आली. ती करणारी दानाई, तिशीतली वास्तुकार. मुलगी वाईट नव्हती. तिने घरच्या माणसांनाही एक दिवस बोलावलं, कॉफी दिली, बिस्किटं दिली आणि भिंतीवर चित्रं दाखवली. भिंती चाकांवर असतील. टेबलं कोणाची नसतील. प्रत्येक खुर्चीच्या बैठकीखाली बटणाएवढं एक यंत्र असेल, कोण कधी येतो, किती वेळ बसतो, कोणाशी बोलतो ते सगळं त्याला कळेल. माणसांच्या कामाच्या सवयी बदलत चालल्यात, म्हणून जागेनेही त्या सवयी शिकायला हव्यात, असं ती म्हणाली. माणसं बेचाळीस आणि खुर्च्या तीस, कारण कोणी ना कोणी आजारी, बाहेरगावी किंवा घरून काम करत असतंच.

मी हात वर केला. "माझा पास्खालिस कुठे बसणार?"

"कुठेही, एवान्थियाबाई. तेच तर सुख आहे."

"कुठेही म्हणजे कुठे?"

"त्या दिवशी जिथे मोकळं असेल तिथे."

"बाई गं, कबुतरंसुद्धा संध्याकाळी आपल्याच कोनाड्यात शिरतात."

लोक हसले, दानाईही हसली, आणि पुढचं चित्र लागलं. पास्खालिसने टेबलाखालून माझा स्कर्ट ओढला की गप्प बैस. मी गप्प बसले. आजही मला त्या गप्प बसण्याचा राग येतो. सत्तावीस वर्षांच्या बदल्यात माझ्या माणसाला एक कुलपाचा खण मिळाला, वर आकडा घातलेला. टेबल भंगारात गेलं. त्या गोल डागासकट.

३

पहिले काही आठवडे मी म्हटलं, होईल सवय. सकाळी तो पिशवी भरून न्यायचा, दुपारी साडेतीनला पिशवी घेऊन जेवायला यायचा. पिशवीत पेन्सिली, टाचण्या, आमच्या लग्नाचा फोटो. त्या फोटोला रोज नवीन टेबल आणि रोज घरचा रस्ता.

एके दिवशी मी घेवड्याचं सूप वाढत होते आणि तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बसेना. मी वळून पाहिलं तर त्याने आपल्याच खुर्चीकडे बोट केलं आणि विचारलं, "ही मोकळी आहे का?"

मी हसले. म्हटलं, नाही, महापौर येणार आहेत जेवायला. तोही थोडा हसला आणि बसला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खुर्चीवर बसला. तिसऱ्या दिवशी खिडकीखालच्या स्टुलावर. थकलेल्या माणसाला घरी आल्यावर कोणी हटकू नये. पण चौथ्या दिवशी तो दारातच उभा राहिला, सूप निवलं, आणि मी म्हटलं, अरे बस की आपल्या जागेवर.

"ती भरलेली आहे," तो म्हणाला.

त्याचा आवाज अगदी साधा होता. ऑफिसात कोणी विचारल्यावर सांगावं तसा.

तो हात धुवायला गेला तेव्हा मी त्या खुर्चीच्या बैठकीवर तळहात ठेवला. ती ऊबदार होती. मी स्वतःला समजावलं की ऊन पडलं असेल. पण आमच्या स्वयंपाकघरात ऊन सकाळी येतं आणि दहाच्या आत निघून जातं. मग म्हटलं ओव्हनची धग असेल. ओव्हन त्या दिवशी लावलाच नव्हता. मग मी समजावणं सोडून दिलं आणि खुर्चीवर उशी ठेवली, जणू उशीने काही होणार होतं.

४

त्याच आठवड्यात मासळी बाजारात बार्बा-अनेस्टिस भेटला. म्हातारा मच्छीमार. त्याची बोट धक्क्याला घासून फुटली होती. माझा हात दोन्ही हातांत धरून तो म्हणाला की तुझ्या नवऱ्याचं भलं होवो, गुरुवारी गेलो तर नेहमीसारखा खिडकीपाशी बसला होता, काम केलं आणि माझ्या गुडघ्याचीही चौकशी केली.

गुरुवारी पास्खालिस तापाने अंथरुणात होता. मीच त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते.

मी अनेस्टिसला म्हटलं, वार चुकला असेल.

"वार मी विसरेन," तो म्हणाला, "पण त्या गुरुवारी पेन्शन मिळाली, ते कसं विसरेन?"

घरी येऊन मी झिनोवियाला कॉफीला बोलावलं. ती पास्खालिसबरोबर वीस वर्षं त्या ऑफिसात आहे आणि तिच्या जिभेला कधी हाड नव्हतं. तिने आधी दानाईची यथेच्छ नक्कल केली, बिनमालकाच्या खुर्च्यांवर दोनचार टोमणे मारले. मग सांगू लागली. माणसं बेचाळीस, खुर्च्या तीस, आणि इतक्या महिन्यांत एकदाही कोणाला उभं राहावं लागलेलं नाही. कोणी ठरवत नाही, पण रोज तेवढीच माणसं उगवतात. दारातल्या स्क्रीनवर कुठली जागा भरली ते दिसतं. तिसऱ्या खिडकीपाशी एक खुर्ची आहे, ती सकाळी कुलूप उघडायच्या आधीच भरलेली दिसते. म्हणून तिथे कोणी जात नाही. आता तर भिंतीही सरकून सरकून तिच्यापुढे आल्यात, पलीकडचं काही दिसत नाही. फक्त मच्छीमार सरळ तिकडे जातात आणि खुशीत परत येतात. दानाईने यंत्र तीनदा बदलून पाहिलं.

"आणि पास्खालिस? तो कुठे बसतो?" मी विचारलं.

झिनोवियाने कप बशीत ठेवला. मग ती म्हणाली, "बसलेला मी त्याला पाहिलाच नाही गं."

५

मला राग फारसा येत नाही. आला तर मी तो देव्हाऱ्यापुढे दिवा लावून तिथेच ठेवून येते. पण त्या दिवशी तो दिव्याने गेला नाही. कोणी माझ्या नवऱ्याच्या सवयी शिकून घ्याव्यात, टकटकीसकट, गुडघ्याच्या चौकशीसकट, आणि मग तो स्वतः उरला म्हणून त्याला हातात पिशवी देऊन दिवसभर उभा ठेवावा? साठीला टेकलेल्या माणसाला? मी पापा-साव्वास यांच्याकडे, आमच्या चर्चच्या पाद्रीबाबांकडे, जाऊन या रागाची कबुली दिली. ते म्हणाले, "याला प्रायश्चित्त नाही, एवान्थिया. हे पापात बसत नाही."

मग मी केक केला. नऊ जिन्नस, हाताने फेटलेला, एक शब्द न बोलता. मनातल्या मनात मात्र मी बोलत होते, आणि तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते. संत फानुरिओसा, पास्खालिसची जागा दाखव.

चर्चमध्ये पापा-साव्वास यांनी प्रार्थनेआधी नेहमीप्रमाणे विचारलं, काय हरवलंय? मी सांगितलं, नवऱ्याची जागा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. काही विचारावं असं त्यांना वाटलं असावं, पण मागे दोन बायका थांबल्या होत्या. त्यांनी प्रार्थना म्हटली.

६

सकाळी अकराला मी केक घेऊन ऑफिसात गेले. वाटायला एवढी माणसं आणखी कुठे मिळणार होती? आणि खरं सांगायचं तर मला भांडायचंही होतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवला तो आवाज, म्हणजे आवाज नसणं. पूर्वी तिथे खुर्च्या करकरायच्या, खण आपटायचे, एकमेकांना हाका असायच्या. आता जमिनीवर जाड गालिचा, भिंतींना लोकर चिकटवलेली, आणि त्या लोकरीत माणसांचं बोलणं मुरून जात होतं. भिंती माणसाच्या उंचीच्या, राखी रंगाच्या. मी एका बाजूने वळले आणि परत पाहिलं तर ज्या वाटेने आले ती तितकी रुंद राहिली नव्हती असं वाटलं. म्हटलं, वय झालं, नजर फसते.

मी प्रत्येकाला तुकडा दिला, संताच्या आईसाठी क्षमा मागितली. लोकांनी घेतला, दोन्ही हातांनी घेतला. सगळे बसलेले होते. पास्खालिस कॉफीच्या यंत्रापाशी पिशवी घेऊन उभा होता. त्याला मी पाहिलं आणि त्याने मला पाहिलं, आणि त्याने मान खाली घातली, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलाने आई अचानक आल्यावर घालावी तशी.

दानाई आली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती तिच्या. मी तिलाही तुकडा दिला. मग म्हटलं, "बाळ, माझा नवरा उभा आहे."

"इथे सगळ्यांना जागा आहे, एवान्थियाबाई."

"माझ्या आईला इथे जमिनीवर बसायला लागायचं. पण ती बसायची. कुठे बसू म्हणून तिने कधी कोणाला विचारलं नाही. तू सगळं मोजलंस, खुर्च्या मोजल्यास, मिनिटं मोजलीस. हा माणूस कुठे बसणार ते तुझ्या कुठल्या चित्रात होतं, ते दाखव मला."

ती चिडली नाही. तिने हातातल्या पाटीवर नकाशा उघडला, बोटाने मोठा केला. तीस ठिपके होते, तीसही हिरवे. एका ठिपक्याशेजारी माझ्या नवऱ्याचं नाव.

"ते बसलेत की," ती म्हणाली. तिने वर पाहिलं, यंत्रापाशी उभ्या पास्खालिसवरून तिची नजर पाणी घसरावं तशी घसरली. "सकाळपासून बसलेत. तिसऱ्या खिडकीपाशी."

"मग ही भिंत बाजूला कर."

७

तिने वाकून चाकांची खीळ काढली. भिंत विनासायास सरकली, हातभर, मग आणखी हातभर.

खिडकीतून बंदराचा उजेड आला. तिथे टेबल होतं. भंगारात गेलेलं टेबल, आणि त्यावर तो गोल डाग. टेबलाशी कोणी पाठमोरं बसलं होतं. अंगात तपकिरी स्वेटर, कोपराला मी लावलेलं ठिगळ. तो स्वेटर सकाळी मी स्वतः घडी करून कपाटात ठेवून आले होते. डोकं डाव्या हातावर टेकलेलं. पेन्सिल टकटक करत होती, आणि त्या लोकरीच्या खोलीत तेवढा एकच आवाज स्पष्ट होता.

मी हाक मारली नाही. मारली नाही हे नक्की. पण टकटक थांबली, आणि मागे न वळता त्याने उजवा हात मागे केला, तळवा उघडा, थोडा वाकडा. घरी काही हवं असलं की पास्खालिस असाच हात मागे करतो. मी सत्तावीस वर्षं त्या हातावर काय काय ठेवत आले आहे. कॉफी, चष्मा, सोललेलं संत्रं.

माझा हात माझ्या आधी हलला. ताटातला एक तुकडा मी त्या तळव्यावर ठेवला.

तळवा ऊबदार होता. बोटं मिटली.

"पाहिलंत?" दानाई हळूच म्हणाली. तिला सुटल्यासारखं वाटत होतं. "सांगितलं नव्हतं?"

खुर्ची थोडी वळू लागली. गालाची कड दिसली, कान दिसला. पुढचं पाहायला मी थांबले नाही. माझ्या खांद्यामागे पास्खालिस येऊन उभा होता, खरा, पिशवीवाला, आणि त्याने साध्या आवाजात मला समजावलं.

"ती भरलेली आहे, एवान्थिया."

८

मी त्याचा हात धरून त्याला घरी आणलं. त्यानंतर तो ऑफिसात गेलेला नाही. तरी दर महिन्याच्या शेवटी पत्र येतं की त्याची हजेरी पूर्ण आहे, एकही खाडा नाही, आणि कामाबद्दल मच्छीमार समाधानी आहेत. पहिलं पत्र मी रागाने फाडलं. मग मी ठेवू लागले, पुढेमागे कोणाला तरी दाखवायला. झिनोविया अजून जाते. परवा तिने माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, कुठे बसू? मी तिला धरून बसवलं आणि आम्ही दोघी रडलो.

पास्खालिसला मी आईचं बसकर काढून दिलं आहे. ज्यावर दुसरं कोणी कधी टेकलं नाही ते. तो जमिनीवर बसून जेवतो, मीही शेजारी बसते, पाय दुखतात पण बसते. दोन आठवड्यांपूर्वी त्याने बसकराच्या कडेवर बोटाने टकटक केली. हळू, विसरलेली गोष्ट आठवून पाहावी तशी. मला आशा आहे. आशा धरायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

दुपारी साडेतीनला टेबलापाशी त्याची खुर्ची एकदा करकरते. मी तिकडे पाहत नाही आणि तिथे वाढत नाही.

संताने मला फसवलं नाही. मी जागा मागितली आणि त्याने जागा दाखवली, तिच्यात जे होतं त्यासकट. वर मीच माझ्या हाताने तिला खाऊ घातलं. उद्या मी दुसरा केक करणार आहे. तेच नऊ जिन्नस. पण या वेळी माणूस मागणार आहे, पास्खालिस नावाचा, साठीला टेकलेला, सूप निवलं तरी न कुरकुरता पिणारा.

बायांनो, तुम्हीही करा. तुमच्या घरचं कोणी दारात उभं राहून आपल्याच खुर्चीकडे बोट करून विचारू लागलं, तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी पीठ चाळा. फेटताना त्याचं पूर्ण नाव मनात धरा, आणि माणूस मागा, जागा नको. केक चर्चमध्ये न्या, प्रार्थना म्हणवून घ्या, सगळ्यांना वाटा. फक्त वाटताना एवढं सांभाळा. मागे केलेल्या हातावर, तो कितीही ओळखीचा असला तरी, तोंड पाहिल्याशिवाय तुकडा ठेवू नका.